नेरूळची बारा मांजरं, एक पिंजरा आणि भवानी

कोथिंबीरवडी
३ जून, रात्री ११.४०

धागा कुठल्या विभागात टाकायचा ते कळेना, शेवटी इथेच टाकतेय, ॲडमिनना हलवायचा असेल तर हलवा. विषय मांजरं. ज्यांना मांजरं आवडतात त्यांनी वाचाच, आणि ज्यांना डोळ्यासमोर नको असतात त्यांनी तर आधी वाचा, फायदा तुमचाच जास्त आहे.

मुलगा सायप्रसला, लिमासोलमध्ये शिप मॅनेजमेंट कंपनीत आहे (आमच्या नेरूळ-सीवूड्स पट्ट्यात विंगेगणिक एखादा तरी बोटीवरचा असतोच). सुनेच्या बाळंतपणाला जानेवारी ते मार्च तिथे होते. सायप्रस म्हणजे युरोपातल्या लोकांचं सुट्टीचं बेट, उन्हाळ्यात म्हणे बीचवर पाय ठेवायला जागा नसते. मी गेले हिवाळ्यात, तर माणसं कमी आणि मांजरं जास्त. कचऱ्याच्या पेटीवर मांजर, स्कूटरच्या सीटवर मांजर, चर्चच्या पायरीवर ओळीने सहा. देशाची वस्ती नऊ-साडेनऊ लाख आणि मांजरंही अंदाजे तेवढीच धरतात, काही जण दहा लाख म्हणतात, मोजलीयत कोणी.

शेजारी एक सत्तरी ओलांडलेली ब्रिटिश बाई, रिटायर होऊन तिथेच स्थायिक झालेली. रात्री आठला गाडीच्या डिकीत लांबट जाळीचे पिंजरे टाकून निघायची ती मध्यरात्री परत. मला पहिले चार दिवस वाटलं ही मांजरं पकडून विकते की काय. मग एकदा जिन्यात गाठ पडली, तिच्या हातात चादरीत गुंडाळलेला पिंजरा आणि आतून गुरगुर. तिने सांगितलं ते असं, की सीझनमध्ये टूरिस्ट लोक टॅव्हर्नात (तिथली खाणावळ) बसून ताटातला मासा मांजरांना टाकतात, फोटो काढतात आणि विमानात बसून जातात. ऑक्टोबर सरला की बीचकडची बरीच हॉटेलं बंद. मांजरं तिथेच. मग ह्यांचा ग्रुप हिवाळ्यातच धडाका लावतो कारण उपाशी मांजर पिंजऱ्यात लवकर जातं, शिवाय दिवस मोठा व्हायला लागला की मांजरी माजावर येतात, त्याच्या आत जेवढ्या उरकतील तेवढ्या उरकायच्या. पकडायचं, ऑपरेशन करायचं, भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापायचं म्हणजे लांबून कळतं हिची झालीय, आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं.

मी तिच्याबरोबर नऊ रात्री गेले. सुनेने एकच अट घातली, बाहेरून आलं की आधी आंघोळ मग बाळ. मान्य. शिकले काय तर मुख्यतः गप्प बसायला. पिंजऱ्याच्या पार आतल्या टोकाला टूना, खाली वर्तमानपत्र, मधल्या पट्टीवर पाय पडला की दार खटकन पडतं. दार पडल्या पडल्या चादर टाकायची. क्षणापूर्वी पिंजरा घेऊन नाचणारं मांजर अंधार झाला की दगडासारखं गप्प होतं, हे मी पाहिलं नसतं तर मलाही पटलं नसतं.

आता मुद्दा. परत आल्यावर आमच्या सोसायटीतली मांजरं मोजली. बारा. सात माद्या, चार बोके, एकाचं कळलं नाही कारण ते जवळच येत नाही. खायला घालणारे चार जण आहेत, सहा वर्षं घालतायत, आणि ऑपरेशन झालेलं एकही मांजर नाही. मीही त्या चारांतलीच, उगाच दुसऱ्याला नावं ठेवत नाही. पिंजरा मी तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलाय, त्याला तीनदा समजावलं तरी त्याने उंदराचाच मोठा पिंजरा केला होता, चौथ्यांदा बरोबर केला. हवंय ते असं: गाडीवाला कोणी, मांजरांना हात लावणारा डॉक्टर, आणि खर्चात थोडा हातभार. सर्जरीचे दर विचारले तर एकाने दीड हजार सांगितले एकाने सहा, मला भाजी मंडई आठवली.

माजी_सेक्रेटरी
४ जून, सकाळी ७.१५

ताई, कौतुक आहे, पण दुसरी बाजू लिहितो. घोडबंदर रोडच्या सोसायटीत नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. लिफ्टसमोर तो भयंकर वास, गाडीच्या कव्हरवर नखं, रात्री दोनला लहान पोर रडतंय असं वाटून लोक उठून बसतात. आणि खाऊ घालणारे शिल्लक भात कागदावर टाकून वर निघून जातात, मुंग्या आणि झुरळं बाकीच्यांनी बघायची. आता तुम्ही म्हणता ऑपरेशन करून परत तिथेच सोडा. मग उपयोग काय? आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एकाने चार मांजरं पोत्यात भरून येऊरच्या जंगलात सोडली, प्रश्न मिटला.

तिरपागडा
४ जून, सकाळी ९.०२

प्रश्न मिटला की बिबट्याचा डबा पोचला? आमची आजी म्हणायची मांजर हातून मेलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं. आजचा सोन्याचा भाव बघा सेक्रेटरीसाहेब, चार मांजरं म्हणजे तुमचा सिंकिंग फंड गेला.

कोथिंबीरवडी
४ जून, दुपारी १.३०

@माजी_सेक्रेटरी, तुमच्या तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत, मी एकही खोडत नाही. पण बघा, तो वास येतो तो बोका भिंतीवर फवारा मारून हद्द आखतो त्याचा. ते रात्रीचं रडणं म्हणजे माजावर आलेली मांजर नाहीतर तिच्यावरून दोन बोक्यांची मारामारी. ऑपरेशन झालं की दोन्ही बरंच कमी होतं, बोका मोठा होऊन सवय लागायच्या आत केला तर जास्तच. म्हणजे तुम्हाला जे नकोय तेच मी बंद करायला निघालेय, फक्त मांजर तिथे राहणार.

आणि सोडून दिल्याने जागा रिकामी होत नाही हो. खाणं आहे, आडोसा आहे, शेजारच्या सोसायटीतली येतात. खरं सांगा, दोन वर्षांत तुमच्याकडे आज किती आहेत?

माजी_सेक्रेटरी
४ जून, दुपारी २.१०

पाच.

तिरपागडा
४ जून, दुपारी २.१२

😂😂

वकीलीण_कोपरी
४ जून, दुपारी ४.४५

हसण्यावारी नेऊ नका. प्राणी उपाशी-तहानेने तडफडेल अशा ठिकाणी कारण नसताना टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. विष घालणं किंवा मारणं तर आता भारतीय न्याय संहितेच्या ३२५ मध्ये येतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मीटिंगमध्ये कोणी 'सोडून येऊ' म्हणालं तर निदान मिनिट्समध्ये तरी लिहू नका.

गुरांचा_डॉक्टर
४ जून, रात्री १०.२०

मी ठाण्यात प्रॅक्टिस करतो, नावाप्रमाणे शिक्षण गुरांचं, पोट भरतं कुत्र्या-मांजरांवर. चार गोष्टी सांगतो, जमेल तशा लिहितो.

मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभणपण नऊ आठवड्यांचं. आणि अंगावर पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, हे लोकांना पटत नाही, 'अजून पाजतेय, आत्ता काही होत नाही' म्हणून थांबतात आणि दोन महिन्यांनी परत चार पिल्लं. सायप्रसमध्ये दिवसाच्या उजेडावर त्यांचा हंगाम ठरतो, आपल्याकडे दिवस-रात्रीत फार फरक नाही, त्यामुळे आपल्याकडे हंगाम असा नाहीच, बारमाही दुकान.

आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी चालेल. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर जीव जातो. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही, साखर उतरते. रस्त्यावरच्या मांजरीला शक्यतो बरगडीच्या मागून, बाजूने चीर घेणारा डॉक्टर बघा, म्हणजे सोडल्यावर लांबूनही जखम दिसते, पोटाखालची दिसत नाही. टाके विरघळणारे. बोका दुसऱ्या दिवशी सोडला तरी चालतो, मादी दोन-तीन दिवस तरी ठेवा, सध्या पाऊस तोंडावर आहे तर जास्तच. भुलेतच रेबीजची लस टोचून घ्या, पुन्हा ते मांजर तुमच्या हाती लागणार नाही.

आणि एक, हात जोडून. ऑपरेशननंतर दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवून बाहेर टाकता येत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. दर वर्षी एखादी तरी केस येतेच, देणारा माणूस रडत असतो.

बारातलं एक मांजर मी माझ्या हातखर्चात करीन, ताई. बाकीच्यांचं औषधांपुरतं द्या.

मोतीचूर
५ जून, सकाळी ८.३०

वाचून अंगावर काटा आला. मला व्हॉट्सॲपवर आलं होतं की एका मांजरीपासून सात वर्षांत ४ लाख २० हजार मांजरं होतात??

गुरांचा_डॉक्टर
५ जून, सकाळी ८.५५

तो फॉरवर्ड जगभर फिरतो. त्यात एकही पिल्लू मरत नाही असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात रस्त्यावरची बहुतेक पिल्लं सहा महिने बघत नाहीत. गाडीच्या बोनेटमध्ये, सर्दीने, बोक्याने मारून. आकडा फुगवायची गरज नाही, ती मरणारी पिल्लं हेच पुरेसं कारण आहे.

सेकंड_मेट
५ जून, रात्री ११.५०

लिमासोलचं नाव वाचलं आणि लॉगिन केलं, दोन वर्षांनी. मी पण सीवूड्सचाच. कोथिंबीरवडी काकू, अक्रोतिरीचा मांजरांचा मठ बघितलात का? सेंट निकोलसचा. चौथ्या शतकात बेटावर दुष्काळ पडला, साप माजले, तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईने, सेंट हेलेनाने, जहाज भरून मांजरं पाठवली अशी दंतकथा आहे. आजही तिथे जोगिणी मांजरं सांभाळतात. शेजारच्या भूशिराचं नावच केप गाटा, म्हणजे मांजराचं टोक, त्याचं दीपगृह आम्ही अँकरवर असताना रोज बघतो. पण खरी गोष्ट दंतकथेपेक्षा जुनी आहे, तिथे शिलुरोकांबोस म्हणून जागा आहे, माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. २००४ मध्ये छापून आलं. म्हणजे इजिप्तच्या पाळीव मांजरांच्याही आधी.

आणि २०२३ साली तिथे मांजरांच्या कोरोनाची साथ आली होती (माणसांना होत नाही तो, घाबरू नका). कोण म्हणे तीन लाख मेली, डॉक्टर लोक म्हणाले आठ हजारांच्या आसपास, भांडणं झाली. शेवटी ऑगस्टमध्ये सरकारने माणसांच्या कोविडसाठी साठवलेल्या मोलनुपिराविरच्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली.

कोथिंबीरवडी
६ जून, सकाळी ६.४०

मठ बघितला रे, नातवाला घेऊन गेलो. माझ्या पर्समधला बिस्किटाचा पुडा गेला. बाळाच्या पाचवीला आपण सटवाईची पूजा करतो, षष्ठीचं वाहन मांजर, आणि इथे बाराव्या दिवसापासून पोराला मांजरंच दिसतायत म्हटलं चांगलंय.

खाडीकाठचा
६ जून, सकाळी १०.१५

मी पक्षीवाला आहे, त्यामुळे माझं जरा वेगळं मत, राग मानू नका. बेट आणि मांजर म्हटलं की मला मॅरिअन बेट आठवतं. दक्षिण आफ्रिकेच्या खाली, अंटार्क्टिकाच्या वाटेवर. हवामान केंद्रात उंदीर झाले म्हणून १९४९ च्या सुमारास पाच मांजरं नेली. सत्तरच्या दशकात ती ३,४०० च्या घरात गेली आणि वर्षाला साडेचार लाख समुद्रपक्षी खात होती. शेवटचं मांजर संपवायला १९९१ उजाडलं. तिथे कान कापून परत सोडा म्हणणं म्हणजे वेडेपणा झाला असता. आपल्याकडे पाम बीच रोडच्या पलीकडे पाणथळ आहे, फ्लेमिंगो सोडा, ते मोठे आहेत, पण झुडपातली छोटी पाखरं आणि त्यांची अंडी. सोसायटीत करा, माझा पाठिंबा. पण खाडीच्या कडेला कोणी नव्याने खाणं टाकायला सुरुवात करू नका. प्लीज.

कोथिंबीरवडी
६ जून, दुपारी १२.००

राग कसला. हे मला त्या ब्रिटिश बाईनेही सांगितलं नव्हतं. आमच्यातले एक जण मॉर्निंग वॉकला जाताना खाडीकडे बिस्किटं टाकतात, आजच बोलते.

माजी_सेक्रेटरी
६ जून, दुपारी १२.२०

पण उंदरांना तर मांजर हवंच ना? आमच्या कमिटीत तोच मुद्दा निघतो.

खाडीकाठचा
६ जून, दुपारी १२.४१

उंदीर आणि घूस ह्यात फरक करा. न्यूयॉर्कला एका रिसायकलिंग केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावून बघितलं, २०१८ मध्ये छापून आलं, मांजरांनी घुशीएवढे उंदीर मारले मोजून दोन. मोठा उंदीर चावतो हे मांजराला तुमच्या कमिटीपेक्षा चांगलं कळतं. कचऱ्याचे डबे झाका.

कोथिंबीरवडी
११ जून, रात्री १२.३५

अपडेट. झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

पहिली रात्र: पिंजऱ्यात टूना लावला, इथला टिनमधला, महाग. मांजरांनी वासही घेतला नाही. मुंग्यांनी मात्र पार्टी केली. दुसरी रात्र: दार पडलं, आनंदाने चादर टाकली, आतून घंटी वाजली. बी विंगमधल्यांचं घरचं मांजर, गळ्यात पट्टा, खिडकीतून उतरून आलेलं. रात्री अकराला दार वाजवून परत दिलं, ऐकून घेतलं ते घेतलंच. तिसरी रात्र: सगळ्यांना सांगितलं होतं की आज कोणी खायला घालू नका, मेसेज टाकला, सगळ्यांनी अंगठा दाखवला, आणि साडेनऊला पहिल्या मजल्यावरच्या मावशी दूधपोळीचं ताट घेऊन हजर. का, तर 'एक दिवस तरी कसं उपाशी ठेवायचं गं'. मला रडू आलं अक्षरशः. त्या बाई वाईट नाहीयेत, नवरा गेल्यापासून ती मांजरंच त्यांची. पण त्या रात्री पाच मांजरं पोट भरून पिंजऱ्याशेजारी आडवी, आणि एक तर पिंजऱ्यावर बसून अंग चाटत होती.

चौथ्या रात्री मावशींनाच खुर्ची टाकून पिंजऱ्याजवळ बसवलं. म्हटलं तुम्ही नुसतं हाक मारा. त्यांच्या हाकेला चार आली, दोन आत गेली. मावशी रडल्या. पण आता त्याच सगळ्यांना दम देतात.

आत्तापर्यंत सहा झाली. चार माद्या, दोन बोके. मोतीचूरने गाडी आणली होती, सीट कव्हरचं काय झालं ते तीच सांगेल.

मोतीचूर
११ जून, सकाळी ७.५०

सांगणार नाही. 🙏 पिंजऱ्याखाली प्लास्टिक घाला एवढंच सांगते.

दिवाळेकर
११ जून, सकाळी ९.३०

ताई, मी दिवाळे गावचा, आमचा धंदा मासळीचा. टूना बिना काय लावताय. सुका बोंबील चुलीवर जरा भाजा, वास सुटला पायजे, मग लावा. आणि हीच वेळ हाय बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी जेट्टीला, बाजारात माल कमी, त्यामुळे आमच्याकडची मांजरं ह्या दोन महिन्यात दारात येऊन बसतात, एरवी बघत पण नाय. तुमच्या त्या सायप्रसवाल्यांचा हिवाळा तोच आमचा पावसाळा समजा. नारळी पुनवेनंतर आलात तर एक मांजर पिंजऱ्यात जाणार नाय, सांगून ठेवतो. तुमचं झालं की पिंजरा आम्हाला द्याल का? जेट्टीवर वीस तरी असतील.

कोथिंबीरवडी
११ जून, सकाळी ९.४४

देईन की. बोंबील आजच भाजते, घरातले मला बाहेर काढतील.

कोथिंबीरवडी
१९ जून, रात्री १०.१५

बोंबील! दिवाळेकर भाऊ, तुमचं नाव पिंजऱ्यावर कोरून घेते. तीन रात्रींत पाच. एकूण अकरा. ज्याचं कळत नव्हतं तो बोका निघाला.

एक वाईट बातमी पण लिहायला हवी, नुसतं चांगलं लिहिलं तर खोटं होईल. एका मांजरीला ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी जखम चिघळली. पाऊस होता, मी दोन दिवसांनी सोडायची घाई केली, बाथरूम एकच आणि पाहुणे आले होते म्हणून. डॉक्टरांनी परत टाके घातले, वाचली, पण ती माझी चूक आणि मला ती पुन्हा बघून पळून जाते ते बरोबरच आहे.

राहिली एक. भवानी. तिरंगी, काळी-पांढरी-केशरी, अर्धं शेपूट नाही. पोट खाली लोंबतंय इतकी गाभण. पिंजऱ्यापाशी येते, आत मान घालते, पट्टी कुठेय ते बघते आणि पट्टीवरून पाय उचलून बोंबील खाऊन त्याच वाटेने मागे येते. मी डोळ्यांनी बघितलं. अकरा केली तरी ही एक राहिली तर वर्षाने परत बारा, हे मला माहितेय, म्हणून झोप नाही.

तिरपागडा
१९ जून, रात्री १०.४०

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न उंदरांना पडला होता तेवढं ठीक, इथे माणसांनापण पडला. पण तिरंगी म्हणजे मादीच हे नक्की का? की तो पण बोका निघायचा?

गुरांचा_डॉक्टर
१९ जून, रात्री ११.०५

जवळपास नक्की. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, केशरी आणि काळा दोन्ही दिसायला दोन एक्स लागतात. तिरंगी बोका असतो पण क्वचित, आणि तो बहुतेक वांझच असतो. ते जनुक नेमकं कुठलं हे मात्र २०२५ मध्ये कळलं, जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळं शोधलं.

ताई, पोट एवढं उतरलं असेल तर आता तिला पळवू नका. पिल्लं होऊ देत. सहा-आठ आठवड्यांनी पिल्लं खायला लागली की बघू.

कोथिंबीरवडी
२ जुलै, दुपारी ३.२०

भवानी आठ दिवस दिसली नाही. पोडियम, मीटर रूम, टेरेस, फायर डक्ट सगळं बघितलं. म्हणतात ना मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, आम्ही सातही घरं पालथी घातली. एका घरात तर त्यांची हरवलेली चप्पल सापडली.

माजी_सेक्रेटरी
१४ जुलै, सकाळी ८.००

काही लागला का पत्ता? (सहज विचारतोय.)

कोथिंबीरवडी
१४ जुलै, सकाळी ८.२०

नाही. रात्री एकदा दिसली, अंग आटलंय, म्हणजे व्याली. पिंजऱ्यासमोरून गेली, बघितलंही नाही. बोंबील नको, बांगडा नको. बंदी चालू आहे, बाजारात मासे नाहीत, आणि ही बाई तृप्त. मला हे कोडं सुटत नाहीये.

कोथिंबीरवडी
१६ ऑगस्ट, रात्री ९.४५

सुटलं कोडं.

आमच्याकडे पाण्याचा पंप बघायला एक काका येतात, सकाळ-संध्याकाळ. वीस वर्षं येतायत, माझं त्यांच्याशी बोलणं म्हणजे 'पाणी कधी येणार' एवढंच. परवा दुपारी पंप रूमचं दार उघडं होतं, आत मोटरीच्या मागे जुन्या गोणपाटावर भवानी आणि तीन पिल्लं, समोर स्टीलच्या झाकणात भात आणि कोलंबीचं कालवण. जूनपासून ते आपल्या डब्यातला अर्धा डबा तिला देतायत. मी शोधतेय हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं का नाही विचारलं तर म्हणाले, 'तुम्ही लोकं पिंजऱ्यातून नेता, परत येते तेव्हा कान कापलेला असतो, मला वाटलं शिक्षा करता.'

मी दोन महिने ग्रुपवर मेसेज टाकत होते, ते त्या ग्रुपवर नाहीयेत. तिथेच जिन्यात बसून त्यांना मोबाइलवर फोटो दाखवले, आधीचे, नंतरचे, त्या चिघळलेलीचे पण. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, पिल्लांचं काय. म्हटलं ती आता खातायत ना कालवण, मग झालं, तीन दिवसांत आईला परत आणते. काल रात्री त्यांनी खायला दिलं नाही, आणि आज सकाळी डबा पिंजऱ्याच्या आत ठेवला, पट्टीच्या पलीकडे नाही, पट्टीवरच. भवानी शेपूट वर करून आत गेली. दार पडलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. चादर मात्र त्यांनीच टाकली.

संध्याकाळी ऑपरेशन झालं, आत्ता माझ्या बाथरूममध्ये आहे आणि बादलीमागून माझ्याकडे बघतेय. डॉक्टर म्हणाले हिच्या पोटात परत सुरुवात झाली होती. पिल्लं पंप रूममध्येच आहेत, दोन माद्या एक बोका, डॉक्टर पाच महिन्यांचे होईपर्यंत थांबा म्हणालेत, मी जानेवारी धरलाय, त्याच्या पुढे एक दिवस नाही.

तिरपागडा
१६ ऑगस्ट, रात्री १०.०३

काकांना ग्रुपवर घ्या.

कोथिंबीरवडी
१६ ऑगस्ट, रात्री १०.०७

घेतलं. पहिला मेसेज टाकलाय, 'उद्या पाणी नाही.'

माजी_सेक्रेटरी
१७ ऑगस्ट, सकाळी ७.३०

अभिनंदन. तो तुर्भ्याचा फॅब्रिकेटर, त्याचा नंबर मेसेजमध्ये पाठवाल का? आमची आता सात झालीयत.

दिवाळेकर
१७ ऑगस्ट, सकाळी ११.१५

ताई, बोटी गेल्या बाहेर, मासळी आली, मी म्हटलं होतं तसं आता आमची मांजरं मस्तीत हायेत. पण पोरं म्हणतात प्रयत्न करू. पिंजरा कधी मिळेल?

कोथिंबीरवडी
१७ ऑगस्ट, दुपारी १२.३०

आज संध्याकाळी सहानंतर कधीही या, मेन गेटच्या वॉचमनकडे ठेवतेय, धुऊन वाळवलाय. पट्टी जरा घट्ट झालीय, खोबरेल लावा, दुसरं तेल नको. सोबत निळी चादर आहे, ती मात्र काम झालं की परत पाठवा, जोडीतली आहे आणि दुसरी घरच्यांनी लपवून ठेवलीय.